ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन कार्बाइड किती टक्के घालायचं? त्याआधी धूळ बघा

झीजमापक

नमस्कार मंडळी. बरेच दिवस या विषयावर लिहायचं मनात होतं. ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन कार्बाइडचे किंवा ॲल्युमिनाचे बारीक कण मिसळून जी कंपोझिट्स ओततात, ती वाळूने आणि धुळीने कशी झिजतात, हा तो विषय. नाशिकच्या अंबडमधल्या आमच्या टेस्टिंग लॅबमध्ये दोन प्रकारची माणसं हा विषय घेऊन येतात. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्टचे नमुने आणतात: पाच टक्के, दहा टक्के, पंधरा टक्के. आणि अंबड, सातपूर, सिन्नरकडचे छोटे फाउंड्रीवाले येतात. त्यांच्याकडे कुणीतरी झिजलेला ॲल्युमिनियमचा भाग आणून टाकलेला असतो आणि विचारलेलं असतं, "यात काही घालून टणक करून देता का?" दोघांचाही पहिला प्रश्न एकच. किती टक्के घालू?

माझं म्हणणं असं की टक्केवारी सगळ्यात शेवटी ठरते. आधी घासणारी धूळ कसली आणि केवढी ते बघायचं, ती पृष्ठभागावर किती रुंद चर पाडते ते बघायचं, आणि कणाला ॲल्युमिनियमने किती घट्ट धरून ठेवलंय ते बघायचं. एवढं न बघता घातलेलं पंधरा टक्के सिलिकॉन कार्बाइड साध्या ॲल्युमिनियमपेक्षा लवकर झिजलेलंही मी पाहिलंय.

टणक खडा मऊ धातूवर दाबून ओढला की काही ठिकाणी तो धातू नुसता बाजूला सारतो आणि काही ठिकाणी सरळ कापून बाहेर काढतो. शेतात नांगर चालवताना फाळापुढे मोठा धोंडा आला तर फाळ उचलला जातो किंवा बाजूला सरकतो. बारीक खडी असेल तर ती मातीबरोबर उलटून पडते, फाळाला कळतही नाही. कंपोझिटमध्ये नेमकं हेच होतं. सिलिकॉन कार्बाइडचा कण चरीपेक्षा मोठा असेल तर तो खड्याला अडवतो. चर ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद आणि कण १० मायक्रॉनचा असेल, तर कण आजूबाजूच्या ॲल्युमिनियमसकट खरवडून निघतो. मग तो टणक आहे याचा आपल्याला काडीचा उपयोग नाही. उलट सुटलेला कण तिथेच लोळत राहून आणखी घासतो.

इथे एक खुलासा. २०० मायक्रॉनचा खडा म्हणजे २०० मायक्रॉनची चर नव्हे. खड्याचं फक्त टोक रुततं, त्यामुळे चर त्याच्या काही अंशाइतकीच असते. म्हणून झिजलेला भाग आला की मी आधी मायक्रोस्कोपखाली चरीची रुंदी मोजते. कणाचा आकार त्यावरून ठरवायचा.

आता टणकपणा. टी६ प्रक्रिया (तापवून, झटकन गार करून परत मंद तापवणं) केलेलं एलएम २५, म्हणजे ओतकामातला ॲल्युमिनियम-सिलिकॉन मिश्रधातू, टणकपणाच्या विकर्स मापावर शंभराच्या आसपास असतं. क्वार्ट्झ हजार-अकराशे, सिलिकॉन कार्बाइड अडीच हजाराच्या घरात. ढोबळ नियम असा की घासणारा कण समोरच्या पृष्ठभागापेक्षा साधारण १.२ पट टणक असला की ओरखडा पाडू शकतो. म्हणजे वाळू ॲल्युमिनियमला सहज ओरबाडते, पण सिलिकॉन कार्बाइडला ओरबाडू शकत नाही. मग ती कणांच्या मधलं ॲल्युमिनियम खात जाते, कण थोडे वर राहतात आणि भार घेतात. हा फायदा मिळतो तोवर छान मिळतो. पण भार वाढला की वर आलेले कण फुटतात किंवा मुळासकट उपटले जातात, आणि तिथून पुढे झिजेचा आलेख एकदम फिरतो.

यावर तुमचे अनुभव वाचायला आवडतील. फाउंड्रीवाल्यांनी जरूर लिहावं.

निफाडची_बाग

ताई, मी शिकलेला मेटलर्जीवाला नाही, द्राक्षबागाईतदार आहे. पण फाळाचं बरोबर समजलं. आमच्याकडे फवारणीच्या छोट्या पंपाला ॲल्युमिनियमची पुली आहे. बेल्ट बसतो ती खाच झिजून रुंद होते, बेल्ट खाली बसतो आणि घसरायला लागतो. पंप बागेत दोन ओळींमधून ओढत न्यायचा, धूळ तर उडणारच. पिंपळगावच्या एका वर्कशॉपवाल्याने सांगितलं की "कंपोझिटची पुली करून देतो, आयुष्यभर बघायला नको." करावी का?

सातपूर_सेकंड_शिफ्ट

दादा, बिडाची (कास्ट आयर्नची) पुली लावा आणि मोकळे व्हा. एवढ्यासाठी कंपोझिट कशाला?

ताई, तुमचं लेखन आवडलं, पण ओतणाऱ्याच्या बाजूनेही थोडं लिहा. हे प्रकरण कागदावर सोपं वाटतं. सिलिकॉन कार्बाइडची पूड गार घातली तर वितळलेल्या ॲल्युमिनियमचा रस तिला जवळच करत नाही, वर तरंगत राहते. आधी तापवून ओलावा घालवावा लागतो, रसात एखादा टक्का मॅग्नेशियम लागतं, तेव्हा कुठे ती ओली होते. जोरात ढवळलं तर भोवऱ्याबरोबर हवा आत जाते. हळू ढवळलं तर गठ्ठे राहतात. आणि ढवळणं थांबवलं की पूड तळाला बसायला लागते. पहिला साचा आणि शेवटचा साचा यांत एकच माल आहे असं छातीवर हात ठेवून कुणी सांगू शकणार नाही.

झीजमापक

@सातपूर_सेकंड_शिफ्ट, अगदी बरोबर. तुमच्या शेवटच्या मुद्द्याचा हिशेबच मांडते. रसाची घनता साधारण २.४, सिलिकॉन कार्बाइडची ३.२१. ४० मायक्रॉनचा सुटा कण स्टोक्सच्या सूत्राने सेकंदाला अर्धा ते पाऊण मिलिमीटर खाली जातो. म्हणजे १० सेंटिमीटर खोल रसात वरचा कण तळाशी जायला दोन-तीन मिनिटं. कण दाटीने असले की वेग थोडा कमी होतो, पण ओतायची पळी भरून साच्यापर्यंत न्यायला लागणारा वेळ बघितला तर चिंता करण्याएवढा राहतोच. व्यास दुप्पट केला की वेग चौपट. म्हणून "चरीपेक्षा मोठा कण घ्या" हा माझा सल्ला आणि "मोठा कण तळाला बसतो" ही तुमची अडचण यांची गाठ घालावी लागते. बहुतेक वेळा ४० ते ६० मायक्रॉनच्या आसपास तडजोड होते.

@निफाडची_बाग, तुमच्या पुलीत मला फार रस आहे. वाळूच्या झिजेची जी प्रमाणित चाचणी आहे, एएसटीएम जी ६५, ती जवळजवळ तुमच्या पुलीसारखीच चालते. रबराची कड असलेलं २२८.६ मिलिमीटर व्यासाचं चाक फिरतं, त्याच्यावर १३० न्यूटन भाराने नमुना दाबलेला असतो आणि मधून ठरावीक आकाराची सिलिका वाळू मिनिटाला ३०० ते ४०० ग्रॅम या बेताने पडत राहते. चाकाचे ६००० फेरे, म्हणजे सव्वाचार किलोमीटरहून जास्त घासणं. रबर मऊ, त्यामुळे खडा रबरात रुततो आणि धातूवरून ओढला जातो. तुमच्या बेल्टचं रबर, खाचेतली धूळ आणि पुलीचा धातू हे तेच त्रिकूट आहे.

पण तुमच्या बागेत सिलिका वाळू नाही. आपल्याकडची काळी माती बसाल्टची. बसाल्टमध्ये सुटं क्वार्ट्झ जवळपास नसतंच. त्यात फेल्डस्पार आणि ऑजाइट ही खनिजं, दोन्ही टणकपणाच्या मोह्‌स मापावर सहाच्या आसपास. क्वार्ट्झ सात. मातीचा चिकण भाग तर मऊच असतो. मात्र रस्त्यावर खडी टाकलेली असेल, शेजारी क्रशर असेल, किंवा दगडाच्या पोकळ्यांतले गारगोटीचे, अकीकाचे तुकडे मातीत आलेले असतील तर गोष्ट वेगळी. म्हणून पुली कशाची करायची हे विचारण्याआधी मला तुमच्या खाचेतली धूळ बघायला आवडेल.

शेवटचं_सेम

मॅडम, मी मेकॅनिकलला आहे, आमचा प्रोजेक्ट यावरच आहे. एलएम २५ मध्ये ५, १० आणि १५ टक्के सिलिकॉन कार्बाइड. पिन-ऑन-डिस्कवर (फिरत्या डिस्कवर नमुन्याची पिन दाबून घासायचं यंत्र) ईएन ३१ या बेअरिंगच्या पोलादाची डिस्क वापरली. ५ आणि १० टक्क्यांना वजन कमी घटलं, १५ ला परत जास्त घटलं. गाइड म्हणतात रीडिंग चुकलं असेल, परत घ्या. खरंच चुकलं असेल का?

झीजमापक

रीडिंग चुकलं असेलच असं नाही. उत्तर जरा लांब आहे, शांतपणे वाच.

पहिली गोष्ट चाचणीची. ईएन ३१ च्या गुळगुळीत, टणक डिस्कवर पिन घासली की ती सरकण्याची झीज होते. धातू धातूला चिकटतो, सुटतो, मधे लोखंडाच्या ऑक्साइडचा थर तयार होतो. शिवाय वर आलेले सिलिकॉन कार्बाइडचे कण डिस्कच खरवडतात आणि ते लोखंड पिनवर येऊन बसतं. पिनचं वजन कमी घटलेलं दिसतं, पण झीज डिस्ककडे सरकलेली असते. डिस्कचं वजन घेतलंस का? तुझ्या रिपोर्टच्या शीर्षकात "अब्रेसिव्ह वेअर" (टणक कणांनी घासून होणारी झीज) असेल तर ही चाचणी त्या शीर्षकाची नाही. पिन एमरी पेपरवर दर वेळी नव्या जागेवरून ओढायची (जी १३२) किंवा रबरी चाकाची जी ६५ करायची. आणि पेपर घेताना त्याच्यावर कसले कण आहेत ते बघ. सिलिकॉन कार्बाइडचाच पेपर घेतलास तर घासणारा आणि अडवणारा सारखेच टणक. गार्नेटच्या (त्याहून मऊ खनिजाच्या) पेपरवर दिसणारा फायदा तिथे दिसणार नाही.

दुसरी गोष्ट १५ टक्क्यांची. माझा पहिला संशय पोकळ्यांवर आहे. घनतेवरून तपासता येईल. एलएम २५ ची घनता २.६८ धर, सिलिकॉन कार्बाइडची ३.२१. वजनाने १० टक्के घातलंस तर आकारमानाने ते साडेआठ टक्केच भरतं आणि पोकळी शून्य असती तर मिश्रणाची घनता २.७२ ते २.७३ आली असती. नमुना हवेत तोल, पाण्यात तोल. समजा २.६२ आली, तर जवळजवळ चार टक्के पोकळी आहे. १५ टक्क्यांचा असाच हिशेब कर. माझा अंदाज आहे की तिथे पोकळी एकदम वाढलेली सापडेल, कारण पूड जास्त म्हणून ढवळणं जास्त, आणि गठ्ठ्यांच्या आत रस पोचलेलाच नसतो. गठ्ठ्यातल्या कणाला धरून ठेवणारं काही नसतं. खडा आला की अख्खा गठ्ठा उचकटून जातो.

तिसरी गोष्ट, वजनाची घट देऊ नकोस, आकारमानाची दे. कंपोझिट आणि एलएम २५ यांच्यात फरक थोडा पडेल, पण उद्या कुणी बिडाशी तुलना केली तर घोळ होईल. १०० मिलिग्रॅम घट म्हणजे बिडात सुमारे १४ घन मिलिमीटर, ॲल्युमिनियममध्ये ३७. भाग ढिला होतो तो आकारमान गेल्यामुळे.

आणि टी६ केलं आहेस का? सगळ्यांना एकच एजिंग वेळ (शेवटच्या मंद तापवण्याचा वेळ) दिलास? ॲल्युमिनियम गार होताना सिलिकॉन कार्बाइडच्या पाचपट आकसतं. त्यामुळे कणांभोवतीच्या ॲल्युमिनियममध्ये ताण राहतो, डिसलोकेशन (स्फटिकाच्या रचनेतले दोष) वाढतात आणि कंपोझिट साध्या मिश्रधातूपेक्षा लवकर एज होतं. एकच वेळ दिला तर १५ टक्केवालं कदाचित ओव्हरएज, म्हणजे जास्त वेळ तापून परत मऊ, झालं असेल. तिन्हींची टणकपणाची वेळेनुसार रीडिंग घे. हे सगळं करून १५ टक्के वाईटच निघालं तर तसंच छाप. तो तुझ्या प्रोजेक्टचा सगळ्यात चांगला निष्कर्ष असेल.

शेवटचं_सेम

खूप खूप धन्यवाद मॅडम. डिस्कचं वजन घेतलेलं नाही. घनता उद्याच बघतो.

एकलहरेकर

छान धागा. एक शंका. आमच्या एकलहऱ्याच्या वीज केंद्राची राख फुकटात मिळते. ती घातली तर? काही कॉलेजची मुलं पोती भरून नेतात म्हणून विचारतोय.

भट्टीसमोर

मी याच कामातून निवृत्त झालो, म्हणून राखेबद्दल मीच सांगतो. राख घालता येते आणि स्वस्तही पडते. राखेतले पोकळ गोळे पाण्यावर तरंगतील इतके हलके असतात, त्यामुळे वजन कमी करायला त्यांचा उपयोग. पण राख म्हणजे मुख्यतः काचेसारखं ॲल्युमिनो-सिलिकेट, त्यात थोडं म्युलाइट हे खनिज, थोडं क्वार्ट्झ. सिलिकॉन कार्बाइडएवढी टणक ती नाही. हलक्या भाराला फरक दिसतो, भार वाढला की गोळे चिरडले जातात. दुसरं म्हणजे राखेत सिलिका आणि लोखंडाचं ऑक्साइड असतं आणि वितळलेलं ॲल्युमिनियम दोघांचाही ऑक्सिजन ओढून घेतं. रस फार वेळ धरून ठेवला तर मिश्रधातूत लोखंड आणि सिलिकॉन वाढत जातं. ओली राख रसात टाकण्याचं धाडस तर कुणीच करू नये. वाफ होऊन रस अंगावर उडतो.

हे सगळं आपल्या देशाला नवं नाही. ढवळून ओतायच्या कंपोझिटवर सुरप्पा आणि रोहतगी यांनी १९८१ साली लिहिलेलं काम आजही जगभर सांगितलं जातं. भोपाळच्या प्रयोगशाळेत, जिला आता अँप्री म्हणतात, यावर भरपूर काम झालं. आपल्या मुलांनी ते मुळातून वाचावं. पाच-दहा-पंधराचा तक्ता नव्याने काढण्यापेक्षा तिथून पुढे जावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

झीजमापक ताईंनी एक गोष्ट अजून लिहिली नाही, ती जोडतो. सिलिकॉन कार्बाइड गरम ॲल्युमिनियममध्ये जास्त वेळ राहिलं तर त्याच्या पृष्ठभागावर ॲल्युमिनियम कार्बाइड तयार होतं. ते ठिसूळ असतं, आणि पाण्याशी त्याची प्रक्रिया होऊन मिथेन सुटतो. म्हणजे कणाला धरून ठेवणारी सीमाच ओल लागली की खराब होते. रसात सिलिकॉन पुरेसा असेल तर ही प्रक्रिया दबते. म्हणूनच परदेशात या कामासाठी ९ टक्के सिलिकॉनचा ए३५९ हा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू घेतात. एलएम २५ मध्ये तो ७ च्या आसपास, म्हणजे काठावर. रस ७५० अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही आणि विनाकारण धरून ठेवायचा नाही.

झीजमापक

काका, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. निफाडच्या दादांच्या बाबतीत हाच मुद्दा सगळ्यात मोठा ठरेल असं मला वाटतं. दादा, तुम्ही बागेवर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) मारता ना?

निफाडची_बाग

मारतो की. एक टक्क्याचं. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना. पंपावर, पुलीवर निळा थर बसलेलाच असतो.

झीजमापक

मग तुमची पुली नुसती घासून झिजत नाहीये. चुन्याने ॲल्युमिनियमवरचा संरक्षक ऑक्साइडचा थर विरघळतो, कारण ॲल्युमिनियमला अल्कली सोसत नाही. आणि मोरचुदातलं बरंचसं तांबं चुन्याने बसवलं तरी थोडं सुटं राहतंच. ते ॲल्युमिनियमवर जमलं की त्याच्या आजूबाजूला बारीक खड्डे पडतात. धुळीने थर खरवडायचा, उघड्या धातूला बोर्डोने खायचं, मऊ झालेलं परत धुळीने न्यायचं. एकेकट्याने जेवढं नुकसान झालं असतं त्याच्या बेरजेपेक्षा हे जास्त असतं. कंपोझिटमध्ये खड्डे कणाच्या सीमेवरच पडायला लागले तर कण सुटणार. वर्कशॉपवाल्याने "आयुष्यभर" म्हणताना बोर्डोचा विचार केला असेल का, हे त्याला जरूर विचारा.

सातपूर_सेकंड_शिफ्ट

आणि पुली टर्न कुणाकडे करणार तेही विचारा. सिलिकॉन कार्बाइडवालं कास्टिंग लेथवर साध्या टंगस्टन कार्बाइडच्या इन्सर्टला (कापणाऱ्या टोकाला) लावलं की थोड्याच नगांत धार जाते. पीसीडी, म्हणजे कृत्रिम हिऱ्याचं टूल लागतं, त्याची किंमत एका पुलीवर बसत नाही. माझं मत तेच. बीड.

दूरचा_नाशिककर

गाड्यांच्या जगातली एक भर. टोयोटाने १९८३ मध्ये डिझेल इंजिनच्या पिस्टनला रिंगच्या खाचेपाशी सिरॅमिक तंतू घातले होते. म्हणजे सगळा पिस्टन नव्हे, झिजतं तेवढीच जागा. १९९६ च्या लोटस एलिसला ॲल्युमिनियम-सिलिकॉन कार्बाइडच्या ब्रेक डिस्क होत्या. पुढे त्याच गाडीला बिडाच्या डिस्क आल्या. सातपूरकरांना आनंद होईल.

निफाडची_बाग

सगळ्यांचे आभार. बिडाची पुली माझ्या डोक्यात आहेच. पण हा पंप हाताने ओढायचा, वजन वाढलं की बाया-माणसांना त्रास होतो. म्हणून ॲल्युमिनियम सोडवत नाही. आणि एक भीती: पुली टणक झाली आणि तिने बेल्ट खाल्ला तर?

झीजमापक

भीती रास्त आहे. कण वर आले की ते बेल्टला घासणारच. नव्या कंपोझिट पुलीवर बेल्ट सुरुवातीला जास्त झिजतो, मग कणांची टोकं गोल झाली की थोडा स्थिरावतो. खाच बारीक ग्राइंड करून दिली तर फरक पडतो.

वजन महत्त्वाचं असेल तर मी असं करेन. पुली ॲल्युमिनियमचीच, पण खाचेपुरती बिडाची रिंग आत ओतून घ्यायची. वजन थोडंच वाढतं, झिजतं त्या जागी बीड येतं, आणि पीसीडी लागत नाही. रिंगेच्या आतल्या अंगाला आडव्या खाचा ठेवायच्या म्हणजे ॲल्युमिनियम तिला पकडून बसेल. दोन धातू एकत्र आणि वर बोर्डो, तर सांध्यावर रंगाचा चांगला थर हवा आणि फवारणी झाली की पुली साध्या पाण्याने धुवायची. हे सातपूरकर ओतून देऊ शकतील.

हार्ड ॲनोडायझिंगचाही (विजेने पृष्ठभागावर टणक ऑक्साइडचा थर चढवण्याचा) विचार कुणी सुचवेल. तो थर २५ ते ५० मायक्रॉनचाच असतो, जास्त सिलिकॉनच्या कास्टिंगवर नीट बसत नाही, आणि चुन्यापुढे तोही टिकत नाही.

सातपूर_सेकंड_शिफ्ट

रिंग आत ओतून देतो. जुनी पुली घेऊन या, मापं घेऊ. रिंग आधी तापवून ठेवावी लागेल, नाहीतर ॲल्युमिनियम तिला धरणार नाही. दोन नग एकदम ओतू, एक ताईंना कापून बघायला.

निफाडची_बाग

शनिवारी येतो. ताई, धूळ किती आणू?

झीजमापक

वाटीभर पुरे. खाचेतली आणि बेल्टच्या आतल्या अंगाची वेगळी, बागेतल्या ओळींमधली वेगळी. पुली धुवून आणू नका, निळा थर तसाच राहू दे. मी धूळ धुवून चिकण माती काढून टाकेन, उरलेली ७५ आणि २१२ मायक्रॉनच्या चाळण्यांतून काढेन आणि मायक्रोस्कोपखाली बघेन. गारगोटीचे कण निघाले तर सातपूरकरांना रिंगेसाठी साधं बीड न घेता क्रोमियमवालं घ्यायला सांगेन. झिजलेल्या खाचेचा एक तुकडाही कापू, म्हणजे चरींची रुंदी मोजता येईल. @शेवटचं_सेम, तुझे तिन्ही नमुने आणि डिस्क घेऊन तूही शनिवारीच ये.